फुकटचं गाणं कितीला पडतं?

लोह्याला एका ताईंचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचाच पुढचा सोपा. एक मशीन, एक कपाट, कापडाचे गठ्ठे, आणि मशीनशेजारच्या कोनाड्यात मोबाइल. सकाळी मशीन सुरू झालं की मोबाइलवर गाणंही सुरू होतं. गाणं लागलं की हात चालतो, असं ताई म्हणतात. आम्हीही ते पाहिलं आहे. गाणं मध्येच थांबलं तर त्यांचा पाय मशीनवर थांबतो.

या ताई आमच्या रात्रीच्या वर्गाला येतात. एकदा त्यांनी विचारलं, "सर, आमचं नेट रोज कामून संपायलंय? सांजच्याला पोरीला धडा लावून द्यावा म्हणलं, तर फोन गप्प. मग इसेक रुपयं पुन्हा मारावं लागतात."

मुलगी दहावीला आहे. गणिताचे धडे ती मोबाइलवर पाहते. घरात मोठे मोबाइल दोनच. एक ताईंचा, दुसरा तिच्या वडिलांचा. वडील लोहा ते नांदेड जीप चालवतात, ते रात्री उशिरा येतात. म्हणजे मुलीच्या अभ्यासाला आईचाच मोबाइल. तो संध्याकाळी गप्प झाला की धडा बुडाला.

त्या दिवशीचा धडा आम्ही बाजूला ठेवला आणि फळ्यावर हिशेब मांडला. तोच हिशेब इथं देत आहोत. तुम्हीही वही-पेन्सिल घेऊन बसा.

आधी माप समजून घेऊ. दूध लिटरनं मोजतात, धान्य किलोनं. मोबाइलमधून जे येतं-जातं त्याला डेटा म्हणतात आणि तो एमबी आणि जीबी या मापानं मोजतात. एमबी लहान माप, जीबी मोठं. हजार एमबीचा एक जीबी धरा. (नेमकं माप १०२४ आहे, पण घरच्या हिशेबाला हजार बरं.) ताईंच्या रिचार्जमध्ये रोज दीड जीबी मिळतो, म्हणजे १५०० एमबी. रात्री बारानंतर नवं माप भरतं. आजचं उरलेलं उद्याला चालत नाही.

आता ताई गाणं कशावर ऐकतात ते पाहिलं. त्या यूट्यूबवर गाणी लावत होत्या. तिथं गाण्याबरोबर चित्रही येतं. चित्राला डेटा फार लागतो. चित्र अगदी लहान, कमी स्वच्छ ठेवलं तरी तासाला सुमारे ३०० एमबी जातात. स्वच्छ चित्र ठेवलं तर याहून पुष्कळ जास्त. ताई दिवसातून चार तास गाणी लावतात. चार गुणिले ३०० म्हणजे १२०० एमबी. उरले ३००. त्यात व्हॉट्सअपवर आलेले भावकीतले व्हिडिओ. संध्याकाळी काय राहणार?

"पण सर, मी तर चित्र पाहतच नाही," ताई म्हणाल्या. "माझी नजर सुईवर असते."

हाच मुद्दा आहे. चित्र पाहिलं नाही तरी त्याचं माप खर्च होतं. शिवाय पैसे न भरणाऱ्याचं यूट्यूब पडदा विझवला की थांबतं. म्हणून ताई पडदा दिवसभर जळता ठेवत होत्या. बॅटरीही उतरायची.

नुसता आवाज ऐकला तर किती जातो? साधारण चांगल्या आवाजाचं गाणं मिनिटाला सुमारे एक एमबी खातं. चार तासांची मिनिटं २४०. म्हणजे २४० एमबी. बाराशेच्या ठिकाणी दोनशे चाळीस! दिवसाला ९६० एमबी वाचले. मुलीचे दोन-तीन धडे त्यात आरामात बसतात.

आता पैशांकडे वळू. महिन्यातून आठ वेळा तरी ताई वीस रुपयांचा जादा डेटा मारत होत्या. आठ गुणिले वीस, १६० रुपये. फुकटचं म्हणून जे गाणं त्या ऐकत होत्या, ते महिन्याला १६० रुपयांना पडत होतं. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग जरा वेळ गप्प झाला.

जुन्या माणसांना आठवत असेल, एके काळी रेडिओला लायसन लागे. पोस्टात पैसे भरून ते नवं करून घ्यावं लागे. रेडिओचे सेल विकत आणावे लागत. पुढं कॅसेटी आल्या, त्या यात्रेत, बाजारात रोख पैसे देऊन घ्याव्या लागत. गाण्याचा खर्च तेव्हा हातातून जाताना दिसे. आता तो रिचार्जच्या पोटात शिरला आहे. म्हणून तो खणून काढावा लागतो.

मग वर्गातल्या एका दादांनी विचारलं, "असं हाय तर पैशेवालीच सेवा घ्यावी की. १६० पेक्षा स्वस्त पडल."

बरोबर आहे, पण थोडं थांबा. गाणी पुरवणाऱ्या सेवा आपल्याकडं बऱ्याच आहेत. जिओसावन आहे. सावन आणि जिओम्युझिक या दोन सेवा २०१८ साली एक झाल्या, तिचं हे नाव. गाना २०१० पासून आहे. स्पॉटिफाय ही स्वीडनची कंपनी, ती भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आली. त्याच्या पुढच्याच महिन्यात यूट्यूब म्युझिक आलं. ॲपल आणि ॲमेझॉन यांचीही सेवा आहे. बहुतेकांकडं कोट्यवधी गाणी आहेत अशी जाहिरात असते. पण माणूस आयुष्यात तेवढी ऐकत नाही. त्या आकड्यानं भुलू नये.

यांतल्या काही सेवा फुकटही चालतात. मध्ये मध्ये जाहिरात येते, हवं ते गाणं हवं तेव्हा लावायला कुठं कुठं अडचण येते, गाणं मोबाइलमध्ये साठवून ठेवता येत नाही. पण नुसता आवाज येतो आणि पडदा विझवला तरी गाणं चालू राहतं. शिलाई करणाऱ्या बाईला याहून काय हवं? जाहिरात लागली तर लागू द्या. तेवढ्यात दोरा ओवून होतो. फुकटच्या अटी मात्र बदलत राहतात. गाना कंपनीनं २०२२ साली फुकट ऐकण्याची सोय काढून टाकली आणि पैसे भरणाऱ्यांपुरतीच सेवा ठेवली. म्हणून आज फुकट आहे ते पुढच्या वर्षी तसंच असेल असं धरून चालू नका.

पैसे भरायचे ठरवलं तर भाव वाचायला शिकलं पाहिजे. भाव तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो: दिवसाचा, महिन्याचा, वर्षाचा. मोठ्या अक्षरांत जो लिहिलेला असतो तो आपल्या सोयीचाच असतो असं नाही. समजा, एका सेवेनं लिहिलं, "दिवसाला फक्त ७ रुपये." सात रुपये म्हणजे चहाचे पैसे, असं वाटतं. तीस दिवसांचे किती झाले? २१०. तीच सेवा महिन्याला ११९ रुपयांना मिळत असेल तर रोजचे सात महागात पडले. पण महिन्यातून दोनच दिवस, लग्नकार्यापुरतं ऐकायचं असेल, तर सात दुणे चौदा. मग ११९ कशाला भरायचे?

स्पॉटिफाय भारतात आलं तेव्हा एका माणसाचे महिन्याला ११९ रुपये घेत असे. नंतर त्याचे दर बदलले. यूट्यूबची पैसेवाली पूर्ण सेवा १२९ रुपयांना होती, ऑगस्ट २०२४ मध्ये ती १४९ झाली. म्हणून आजचा भाव आम्ही इथं छापत नाही. पुस्तक तुमच्या हाती येईपर्यंत तो फिरलेला असेल. भाव भरायच्या दिवशी पाहावा, आणि नेहमी बारानं गुणून वर्षाचा काढावा. ११९ गुणिले १२ म्हणजे १४२८. वर्षाचे एकदम भरले तर काही सेवा सूट देतात. सूट चांगली, पण मध्येच सेवा नकोशी झाली तर उरलेले पैसे परत मिळतील का, हे आधी वाचावं.

घरातल्या सगळ्यांसाठी मिळून एक भाव असतो, त्याला फॅमिली प्लॅन म्हणतात. हा ऐकायला फार गोड लागतो. समजा, १७९ रुपयांत सहा माणसं. एकेकाला तीस रुपयेही पडत नाहीत. पण सहा माणसं म्हणजे सहा खाती, आणि ती साधारणपणे एकाच पत्त्यावर राहणारी असावी लागतात. ताईंच्या घरी मोठे मोबाइल दोन! १७९ भागिले दोन, साडेएकोणनव्वद. ही भागाकाराची खोच वर्गातल्या बऱ्याच जणांच्या ध्यानात आली नव्हती. किती माणसांना चालतं याला महत्त्व नाही. आपल्या घरात किती जण वापरणार, त्या संख्येनं भागायचं.

आता गाण्यांकडं या. हा भाग आम्हाला पैशाहून मोठा वाटतो.

ताईंचे सासरे सत्तरीचे आहेत. ते माळेगावच्या यात्रेला लहानपणापासून जातात. माळेगाव आपल्याच तालुक्यात, लातूरच्या वाटेवर. मार्गशीर्षाच्या शेवटी खंडोबाची यात्रा भरते. घोडे येतात, उंट येतात, गाढवांचा बाजार भरतो, लावणीचे फड रंगतात. वाघ्या-मुरळीची गाणी त्यांच्या कानात बसलेली. भजनं, भारुडं हवीत. जीप चालवणाऱ्या मुलाला भीमगीतं आवडतात आणि जुनी हिंदी गाणी. नातीला नवी मराठी सिनेमाची. एका घरात तीन तऱ्हेचे कान.

आम्ही सांगितलं, सेवेचं नाव विचारू नका. आधी दहा गाणी कागदावर लिहून काढा. घरातल्या प्रत्येकाची तीन-तीन, आणि एक ताईंचं. मग प्रत्येक सेवेत ती शोधा. फुकटच्या खात्यावरही शोधता येतं. सापडलं तर खूण, नाही तर फुली.

हे काम ताईंच्या मुलीनं केलं. दोन संध्याकाळी लागल्या. त्यातून काही गोष्टी कळल्या. नव्या सिनेमाची गाणी जवळजवळ सगळीकडं आहेत. त्यांच्यावरून सेवा निवडण्यात अर्थ नाही. जुनी हिंदीही बहुतेक मिळाली. खरा फरक पडला तो म्हाताऱ्याच्या गाण्यांत. एकीकडं तीनपैकी एक, दुसरीकडं दोन, आणि तिसरीकडं नाव तेच पण गाणारा दुसराच. म्हाताऱ्यानं दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, "ह्यो आमचा न्हाई. ह्येच्यात संबळ कुठाय?"

शोधतानाही एक अडचण येते. मराठी गाण्याचं नाव तिथं बहुधा इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि एकाच नावाची चार स्पेलिंगं. एका स्पेलिंगानं सापडलं नाही म्हणजे गाणं नाही असं समजू नका. माइकच्या खुणेवर बोट दाबून नाव बोला, किंवा मराठीत लिहून पाहा, किंवा गायकाचं नाव टाका. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशी नावं टाकली की त्यांची यादीच पुढं येते.

आज सापडलेलं गाणं उद्याही तिथं राहील का? याची हमी नसते. गाणं कॅसेट-कंपनीच्या मालकीचं, सेवा ते कराराने वाजवते. करार तुटला की गाणं उतरतं. सारेगामाची जुनी गाणी २०१९ साली स्पॉटिफायवरून उतरली होती, २०२० मध्ये करार झाल्यावर ती मिळू लागली. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी तशीच उतरली आणि नंतर परत आली. पैसे भरणाऱ्याला मधल्या काळाचे पैसे कुणी परत दिल्याचं आमच्या ऐकण्यात नाही.

कधी दुकानच बंद होतं. गूगलचं प्ले म्युझिक २०२० साली बंद झालं. रेसो ही सेवा जानेवारी २०२४ च्या शेवटी भारतातून उठली. एअरटेलचं विंक २०१४ पासून होतं, आपल्या भागात पुष्कळांच्या फोनवर होतं, ते बंद करायचं कंपनीनं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं. अशा सेवेत 'डाउनलोड' केलेलं गाणं आपल्या फोनमध्ये दिसतं, पण ते कॅसेटीसारखं आपलं नसतं. ते सेवेच्या कुलपात असतं. पैसे भरणं थांबलं किंवा सेवा उठली की कुलूप उघडत नाही. भाड्याचं घर आणि विकतचं घर यात जो फरक, तोच इथं.

मग डाउनलोडला पैसे भरावेत की नाही? जीपवाल्या दादांचं म्हणणं निराळं होतं. "रोडला मधीच रेंज जाती. गाणं आडकतं आन् माणसं म्हणत्यात, लाव की पुढचं." नांदेड ते लोहा तीसेक किलोमीटर, दिवसाच्या चार-सहा खेपा. त्यांना साठवून ठेवलेलं गाणं खरंच कामाचं आहे. रात्री घरी नेट उरलेलं असताना उतरवून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी बिननेटचं ऐकायचं. त्यांनी पैसे भरले तर ते वाया जाणार नाहीत. ताईंनी भरले तर जातील. एकाच घरात दोन उत्तरं निघाली आणि दोन्ही बरोबर.

सासऱ्यांपाशी बटणाचा साधा फोन आहे. त्यात एफएम रेडिओ आहे. आकाशवाणीचं नांदेड केंद्र त्यावर लागतं. त्याला नेट लागत नाही, खातं लागत नाही, पैसे तर नाहीतच. काही फोनांना इअरफोनची वायर जोडावी लागते, तीच एरियलचं काम करते. विविधभारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली, ती अजून चालू आहे. गाणं आपल्या मर्जीनं लागत नाही हे खरं, पण न मागता एखादं चांगलं गाणं कानावर येतं, ही गोष्टही लहान नाही. सेवांची तुलना करताना लोक रेडिओला पंगतीत बसवत नाहीत. आम्ही बसवतो.

बाजारात मेमरी कार्डात पाचशे गाणी भरून देणारे असतात. स्वस्त पडतं, पण ते कायद्याला धरून नाही. १९५७ चा कॉपीराइटचा कायदा आहे. गाणाऱ्याला त्यातला पैसा मिळत नाही. सारेगामाचा कारवाँ हा गाणी भरलेला रेडिओ २०१७ साली निघाला, त्यात पाच हजार गाणी. किंमत तेव्हा सुमारे सहा हजार होती. एकदा घेतला की महिन्याचे पैसे नाहीत. पण सहा हजार एकदम काढणं शिलाईवाल्या घराला जड, आणि दहा गाण्यांची परीक्षा त्यालाही लावावी लागेल.

एक ठेवा मात्र खरोखर फुकट आहे. जात्यावरच्या ओव्या! हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून बायकांच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या लिहिल्या गेल्या. त्यातल्या हजारोंचा आवाजही भरून ठेवला आहे. 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही तिथं आहेत. ताईंनी एक लावली, तेव्हा वर्गातल्या आजी आपोआप पुढची ओवी म्हणू लागल्या. ती ओवी तिथल्या ओवीहून वेगळी होती. त्या दिवशी हिशेब अर्धाच राहिला.

आता शेवटची गोष्ट, आणि ही नीट वाचा. ताईंच्या फोनवर एकदा सूचना आली होती, "पहिला महिना फुकट." त्यांनी बोट दाबलं. यूपीआयचा पिन मागितला, तो टाकला. महिना झाला आणि शंभराच्या आसपास रुपये कापले गेले. मग दुसऱ्या महिन्यात, मग तिसऱ्या. तीनशेला टेकले तेव्हा पासबुकात दिसलं. दोन ब्लाऊजांची शिलाई गेली. ताईंनी ते ॲप फोनमधून काढून टाकलं होतं, तरीही पैसे जात राहिले.

असं का झालं? पिन टाकला तेव्हाच त्यांनी दर महिन्याला पैसे कापायची परवानगी दिली होती. याला 'ऑटोपे' म्हणतात. पंधरा हजारांपर्यंतच्या रकमेला दर वेळी पुन्हा विचारत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी कळवलं पाहिजे. कळवलंही होतं, पण ते इंग्रजीत होतं आणि रिचार्जच्या जाहिरातींत मिसळून गेलं.

म्हणून काही शब्द डोळ्यांना ओळखीचे करून ठेवू. 'फ्री ट्रायल' म्हणजे ठरल्या दिवसांपुरतं फुकट. 'रिन्यू' म्हणजे पुन्हा चालू, म्हणजेच पुन्हा पैसे. 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' म्हणजे आपोआप कापायची परवानगी. 'कॅन्सल' म्हणजे रद्द. हे शब्द इंग्रजीत कसे दिसतात ते तुमच्या मास्तरांकडून वहीत लिहून घ्या आणि फोनवर ताडून पाहा. ज्या यूपीआय ॲपमधून पैसे भरता, त्यातच 'ऑटोपे' नावाचा भाग असतो. तो उघडला की कुणाकुणाला परवानगी दिली आहे ते दिसतं आणि तिथंच ती रद्द करता येते. नुसतं गाण्याचं ॲप पुसून भागत नाही. आम्ही वर्गात सगळ्यांचे फोन उघडून पाहिले. तेवीस जणांपैकी चौघांकडं अशी परवानगी चालू निघाली. एका दादांना तर ती कशाची तेच आठवेना.

ताईंच्या घरी असं ठरलं. ताई फुकटच्या सेवेवर नुसता आवाज ऐकतात. सकाळी सासऱ्यांचा रेडिओ मोठ्यानं लावतात, तेव्हा त्यांचा मोबाइल बंदच असतो. जीपवाल्या दादांनी एकाच फोनपुरते महिन्याचे पैसे भरले आहेत. सेवा निवडली ती म्हाताऱ्याची दोन गाणी जिथं सापडली ती. जादा डेटा गेल्या महिन्यात एकदाच मारावा लागला, तो पाहुणे आले तेव्हा. मुलीचा गणिताचा धडा रात्री आठला लागतो.

मशीनच्या वर भिंतीवर खडूनं एक तारीख लिहिलेली आहे. दादांचा महिना संपायच्या दोन दिवस आधीची. त्या दिवशी मुलगी फोन उघडून बघणार, भाव तोच आहे का, आणि खूण केलेली गाणी अजून तिथं आहेत का.